कॅनूची मोडलेली बरगडी बदलताना

सगळ्यात आधी हे सांगते, कारण मी नेमकं याच्या उलट केलं होतं. मोडकी बरगडी, म्हणजे होडीच्या आतली वाकवलेली लाकडी पट्टी, आधी उपटू नका. नवी बरगडी तासून, वाफवून, वाकवून, वाळवून हातात येईपर्यंत जुनी आहे तिथेच राहू द्या. मोडली असली तरी ती होडीचा आकार धरून असते. आमच्या १६ फुटी चेस्टनट कंपनीच्या कॅनूच्या लागोपाठच्या तीन बरगड्या मी एका शनिवारी मोठ्या हौसेने काढल्या. रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन बघते तर तेवढ्या भागातल्या फळ्यांचा गोलावा गेलेला, पोट सपाट. तो गोलावा परत आणायला जितके दिवस गेले, तेवढ्यात सहा बरगड्या बसवून झाल्या असत्या.

इथे ऑन्टॅरिओत जुन्या लाकडी कॅनू अजूनही कोणाच्या कोठारात, कोणाच्या कॉटेजमागे पालथ्या पडलेल्या सापडतात. कोणी स्वस्तात देतं, कोणी नुसतंच "घेऊन जा" म्हणतं. घरी आणल्यावर कळतं की रंग आणि कापड ही वरवरची दुखणी, खरं दुखणं आत आहे. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख. रंधा आणि पटाशी हातात धरता येत असेल तर पुरे.

होडी बांधतात कशी

कापड चढवलेली लाकडी कॅनू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मेन राज्यात घडत गेली. तिची आई म्हणजे तिथल्या मूळनिवासींची बर्चच्या सालीची होडी. सालीच्या जागी जाड सुती कॅनव्हास आला, घडण बरीचशी तीच राहिली. पुढे मेनमध्ये ओल्ड टाउन आणि कॅनडात फ्रेडरिक्टनची चेस्टनट ही या होड्यांची मोठी नावं झाली. चेस्टनटचा कारखाना १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला, त्यामुळे तिची होडी हातात आली तर ती किमान चाळिशी ओलांडलेली असणार हे धरून चाला.

आपल्या कोकणातल्या मचव्याच्या बरगड्या जाड असतात. बाभळीसारख्या झाडाची मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधून त्या कापून काढतात. कॅनूची बरगडी म्हणजे सीडर लाकडाची पातळ सरळ पट्टी, वाफेवर मऊ करून वाकवलेली. अशा चाळीस-पन्नास पट्ट्या शेजारी-शेजारी, आणि त्यांच्यावर बाहेरून ठोकलेल्या त्याहूनही पातळ फळ्या. सगळं बळ या दोन थरांच्या जोडीत आहे. कापड फक्त पाणी अडवतं.

कारखान्यात बरगड्या एका भरीव लाकडी साच्यावर वाकवत. प्रत्येक बरगडीखाली साच्यावर लोखंडी पट्टी असे. बाहेरून पितळी चूक (बारीक खिळा) ठोकली की तिचं टोक त्या लोखंडावर आपटून वळे आणि परत लाकडात घुसे. आपल्याकडे तो साचा नाही, तेव्हा होडीचाच साचा करायचा आणि लोखंडी पट्टीचं काम हातात धरलेल्या लोखंडाकडून करून घ्यायचं. पुढचं सगळं याच एका युक्तीवर चालतं.

मापं मी सुतात सांगते. इथल्या टेपवर इंचाचे सोळावे-बत्तिसावे भाग मोजताना माझी नेहमी गडबड व्हायची. चिपळूणहून आलेल्या सासऱ्यांनी एकदा फळीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "सव्वा सूत आहे." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. या होड्यांत फळी साधारण सव्वा सूत जाड असते, बरगडी अडीच ते तीन सूत. बरगडीची रुंदी पोटाशी बरेचदा २ इंच ३ सूत, टोकांकडे निमुळती. पण मॉडेलागणिक फरक पडतो, म्हणून स्वतःची होडी मोजा. मोजताना वार्निशचे थर खरवडून लाकडाची जाडी घ्या.

कोणती बदलायची, कोणती नाही

पेन्सिल घेऊन आत बसा आणि एकेक बरगडी अंगठ्याने दाबत जा. बहुतेक बरगड्या पोटाचा तळ संपून बाजू वर वळते त्या वळणावर मोडतात. भेगेशी दाबल्यावर दोन तुकडे वेगवेगळे हलत असतील, किंवा बाहेरून तिथे फळीला खोलगट जागा दिसत असेल, तर ती बदलायची. केसासारखी भेग असेल पण गोलावा शाबूत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. जुन्या होडीत अशा दोन-चार भेगा असायच्याच, शेजारच्या बरगड्या भार वाटून घेतात. मी सुरुवातीला ११ बरगड्यांवर खुणा केल्या होत्या, शेवटी बदलल्या पाच.

नुसतं वरचं टोक कुजलं असेल तर पूर्ण बरगडी बदलण्याची गरज नाही. कुजका भाग तिरपा कापून तसाच तिरपा नवा तुकडा इपॉक्सी गोंदाने जोडा. तिरप्या सांध्याची लांबी जाडीच्या आठपट ठेवा. अडीच सूत जाडीला वीस सूत, म्हणजे अडीच इंच.

लागोपाठच्या बरगड्या मोडल्या असतील तर एकाआड एक बदला. पहिली, तिसरी, पाचवी पक्क्या बसल्यावरच दुसरी, चौथी.

आधीची तयारी

चुकांची डोकी कापडाखाली असतात, त्यामुळे कापड काढल्याशिवाय हे काम नीट होत नाही. कापड अजून धड असेल आणि एखादीच बरगडी गेली असेल, तर कापड बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. काढायचंच ठरलं तर बाहेरच्या काठपट्टीचे स्क्रू सोडवून ती उतरवा, पट्ट्यांवर डावी-उजवी लिहून ठेवा, मग कापड सोला. होडीच्या आडव्या दांड्या मात्र काढू नका, त्या दोन्ही काठांमधलं अंतर धरून ठेवतात. बदलायच्या प्रत्येक बरगडीपाशी आतली रुंदी मोजून त्या मापाची एकेक काठी कापून ठेवा. ती पुढे पडताळणीला लागते.

कापडाला भरलेल्या जुन्या लेपात आणि रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा, कचरा पिशवीत बांधा. लाल सीडरचा भुसाही फुफ्फुसांना त्रास देतो, तेव्हा मास्क पुढेही राहू द्या.

लाकूड

बरगडीला पांढरा सीडर लागतो. इमारती सामानाच्या मोठ्या दुकानात मिळतो तो बहुधा पश्चिमेकडचा लाल सीडर. तो फळ्यांना छान, पण वाकवताना दगा देतो. पांढरा सीडर लहान गिरण्यांकडे विचारा. लाकूड भट्टीत वाळवलेलं नको, हवेवर वाळलेलं हवं. गाठ एकही चालणार नाही. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या काठावरच्या रेषा बघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठाला समांतर धावल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन पृष्ठभागावर बाहेर पडल्या तर चीर नेमकी तिथे जाणार. झाडाची वर्तुळं बरगडीच्या रुंद बाजूला समांतर येतील अशी पट्टी मी निवडते, तशी ती नीट वाकते आणि चूक ठोकताना उभी फाटत नाही.

होडीच्या बाहेरून, काठापासून काठापर्यंत टेप फिरवून लांबी घ्या आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त ठेवा, ती पकडायला लागतात. टोकांचा निमुळतेपणा, कडांचा उतार, गोलाई हे सगळं वाकवण्याआधीच रंधून घ्या. जुन्या बरगडीवर खाकी कागद दाबून तिची कड पेन्सिलीने उतरवली की नमुना मिळतो. तीन हव्या असतील तर पाच बनवा. मग दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आमच्याकडे बाथटबवर या काळात घरच्यांचा हक्क राहत नाही.

वाफ

वाफेची पेटी म्हणजे लांबट मोदकपात्र. सहा-सात फूट लांब, पाच-सहा इंच चौरस अशी प्लायवूडची पेटी, आत आडव्या काड्या टाकून त्यांवर पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे वाफ चारही बाजूंनी फिरते. एका टोकाला झडप, खालच्या बाजूला पाणी गळायला भोक. पेटी घट्ट बंद करू नका, वाफेला बाहेर पडायला वाट हवीच. भिंतीचा कागद सोडवायचं वाफेचं यंत्र भाड्याने मिळतं, ते पेटीला जोडलं की काम होतं. प्लास्टिकचा पाइप स्वस्त पडतो खरा, पण उष्णतेने तो स्वतःच मऊ पडून लोंबतो.

ठोकताळा असा, की एक इंच जाडीला एक तास. म्हणजे अडीच सुताला वीस मिनिटांच्या आसपास, तीन सुताला पंचवीस. हे मोजायला सुरुवात पेटी शंभर अंशांच्या जवळ पोहोचल्यावर करायची, यंत्राचं बटण दाबल्यावर नाही. पाणी उकळायच्या आधीच मोदक ठेवून घड्याळ लावलं तर ते कच्चे राहतात, तसंच हे. जास्त वेळ ठेवणंही बरं नाही, लाकूड निर्जीव आणि ठिसूळ होतं. पट्ट्या एकदम आत टाकू नका, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने टाका. एकीला वाकवत असताना दुसरी शिजून जायला नको.

लाकूड दाबलं जायला तयार असतं, ताणलं जायला नसतं. वाकवलेल्या पट्टीची आतली बाजू चुपचाप आक्रसते, बाहेरची फाटते. कडेला बारीक कुसळ उठलं तर घाबरू नका, नंतर गोंद लावून दाबता येतं. आडवी चीर पडली तर ती बरगडी सरपणात.

होडीवर वाकवणं

होडी लाकडी घोड्यांवर पालथी ठेवा. आता प्रश्न येतो, नवी बरगडी होडीच्या कोणत्या जागेवर वाकवायची? मोडक्या बरगडीच्या वरच वाकवली तर ती मोठी होते. आपण वाकवतो फळीच्या बाहेरून, आणि तिला बसायचं आहे फळीच्या आत. फरक फळीच्या जाडीचा आणि बरगडीच्या जाडीचा. सव्वा सूत अधिक अडीच सूत, पावणेचार सूत. दोन्ही बाजूंचे मिळून साडेसात, म्हणजे जवळजवळ इंचभर. शिवाय सुटल्यावर बरगडी थोडी उघडतेच. म्हणून टोकाच्या दिशेने सरका आणि जिथे होडी इंच-सव्वा इंचाने अरुंद आहे ती जागा शोधा. फार लांब जाऊ नका, टोकाकडे तळाचा आकारच बदलत जातो. होडीच्या अगदी मध्यावर दोन्ही बाजू समांतर असतात, तिथे कितीही सरकलं तरी रुंदी फारशी घटत नाही. अशा बरगडीची टोकं वाकवल्यावर पट्ट्याने एकमेकांकडे ओढून बांधायची.

वाकवण्याची जागा एखाद्या धड बरगडीच्या बरोबर वर घ्या, म्हणजे खाली आधार राहतो. तिथे खडूने आडवी रेघ मारा. पकडण्यासाठी शिकंजे उघडून हाताशी ठेवा, जाड हातमोजे घाला, आणि पेटीपासून होडीपर्यंतच्या वाटेत काही पडलेलं नाही ना ते बघा. हा सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा आहे.

दोन माणसं हवीतच. एकाने पट्टी काढून मध्यखूण होडीच्या मध्यरेषेवर दाबून धरायची. दुसऱ्याने दोन्ही तळहात मध्यापासून बाहेर सरकवत, दोन्ही बाजू एकाच वेळी खाली आणायच्या. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर केलं की बरगडी पिळली जाते. वळणावर क्षणभर थांबून तळहाताने चांगलं दाबायचं, मग टोकं काठाला शिकंज्याने आवळायची. पहिल्या वेळी मी हळूहळू, जपून वाकवत होते, आणि ती वळणावर कडकन मोडली. सासरे पेटीपाशी उभे होते. "अगं, गार होऊ दिलीस," एवढंच म्हणाले. दुसरी आम्ही दोघांनी मिळून एका दमात खाली आणली.

किमान दोन दिवस तशीच राहू द्या. सोडताना दोन्ही टोकांमध्ये सुतळी बांधा, नाहीतर रात्रीतून उघडते.

जुनी काढणं

आता जुनीची पाळी. होडी सुलटी करा. बरगडीचं वरचं टोक आतली काठपट्टी आणि फळी यांच्यामध्ये असतं आणि बाहेरून मारलेल्या खिळ्याने काठपट्टीला धरलेलं असतं. हा खिळा ओढत बसण्यापेक्षा फटीत लोखंड कापायचं पातळ पातं सारून कापलेला बरा.

चुकांसाठी धीर लागतो. बरगडी वाया जाणारच आहे, तेव्हा तिच्यावर दया दाखवा किंवा न दाखवा, जपायचं फळीला. पटाशीने बरगडी रेषेच्या दिशेने उभी चिरत, पातळ तुकडे काढत जा. चुका फळीत उभ्या राहतात. त्यांची वळलेली टोकं पकडीने सरळ करा, आतून हलकेच ठोका, डोकं बाहेर उचललं गेलं की बाहेरून ओढा. आतून उचकटायचा मोह आवरा, जुनी फळी बिस्किटासारखी तुटते. ती फार कोरडी वाटली तर कापड गरम पाण्यात भिजवून अर्धा तास तिच्यावर टाकून ठेवा.

त्या जागी फळी आत खचली असेल तर हीच गरम पाण्याची पोटीस दोन-तीन वेळा द्या. नवी बरगडी आतून रेटेल तेव्हा फळी मुकाट्याने आपल्या जागी येते.

बसवणं

नव्या बरगडीची टोकं किंचित जवळ दाबून दोन्ही बाजूंच्या फटींत खालून वर सरकवा. ती काठाच्या वर डोकावू लागतील. मध्यखूण मध्यरेषेवर आणा, तळाला गुडघ्याने किंवा टेकूने दाबा, आणि वर आलेल्या टोकांवर लाकडी हातोडीने आलटून-पालटून टपल्या मारा. बरगडी खाली उतरून फळीला सगळीकडे टेकली पाहिजे. बाहेरून फळीवर टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला तिथे फट आहे. वळणावर फट राहिली असेल तर बरगडी काढून पुन्हा थोडी वाफवणं हाच उपाय, चुकांनी ओढून घेऊ म्हटलं तर फळीला खड्डा पडतो. मापाची काठी लावून रुंदी तपासा.

चुका

कॅनूच्या पितळी चुका वेगळ्या मिळतात. त्यांचं टोक पातळ होत गेलेलं असतं, ते वळण्यासाठीच. चपला-बुटांच्या लोखंडी चुका वापरू नका, गंजून लाकूड काळं करतात. लांबीचा हिशोब असा. फळी सव्वा, बरगडी अडीच, एकूण पावणेचार सूत. साडेपाच सुताची चूक घेतली की पावणेदोन सूत वळायला उरतं. बरगडी तीन सुताची असेल तर सहा सुताची चूक.

सुरुवात तळाच्या मध्यापासून करा आणि दोन्ही बाजूंना वर चढत जा. एका फळीत किती चुका आणि कशा नागमोडी, ते शेजारच्या बरगडीवरून उचला. जुनी भोकं सैल झालेली असतात, त्यांच्या शेजारी नवं बारीक भोक पाडून चूक ठोका. एकाने बाहेरून हातोडी चालवायची आणि दुसऱ्याने आतून जड लोखंड बरगडीला टेकवून धरायचं. चुकेचं टोक त्यावर आपटून वळतं आणि लाकडात परत शिरतं. टोक पहिल्यांदा डोकावेल तेव्हा लोखंड किंचित तिरकं धरा, म्हणजे ते हव्या त्या बाजूला वळतं, मग शेवटच्या दोन ठोक्यांना सपाट. बोटाने चाचपून बघा. टोक बोचलं तर वळलेलं नाही, आणि अशा होडीत गुडघे टेकून बसायचं असतं हे विसरू नका. हातोडीचं तोंड किंचित फुगीर असावं. सपाट तोंडाच्या हातोडीने फळीवर चंद्रकोरी उमटतात. उमटल्याच तर उकळत्या पाण्याचे थेंब टाका, खळगा बराचसा वर येतो. आधी दोन टाकाऊ पट्ट्यांवर वीस-पंचवीस चुका ठोकून हात बसवा.

दोघांची लय जमली की हे काम फार सुखाचं आहे. आमच्याकडे लोखंड सासऱ्यांच्या हातात असायचं आणि आत होडीत आडवे होऊन ते "मार" म्हणाले की मी मारायचे.

तळ आणि बाजू झाल्यावर वरची टोकं काठपट्टीला पोलादाऐवजी ब्राँझच्या खाचेदार खिळ्यांनी धरा आणि वर डोकावणारा भाग काठाशी सपाट कापा. त्या जागी बाहेरच्या फळीवर हात फिरवा. उंचवटा असेल तर पॉलिश पेपरने हलकेच उतरवा, कारण कापडाखालची प्रत्येक चूक रंगानंतर दिसते. दोन्ही अर्थांनी.

कापड चढवण्याआधी फळ्यांना बाहेरून जवसाचं तेल आणि टर्पेंटाइनचं मिश्रण द्या, वाळलेलं लाकूड ते पिऊन घेतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा बाहेर तारेवर पसरून वाळवा.

आतून नवी बरगडी जुन्यांच्या रांगेत पांढरीफटक दिसेल. वार्निशच्या आधी रंग द्यायचा असेल तर टाकाऊ तुकड्यावर, वार्निशसकट, करून बघा. ओला रंग आणि वार्निशखालचा रंग यांत बराच फरक पडतो, आणि शंका असेल तर एक छटा फिकाच ठेवा, सीडर पुढे आपणहून गडद होत जातो. आमच्या पाचांना मी रंग दिला नाही. पाचांपैकी एकीच्या पाठीवर, फळीला टेकते त्या बाजूला, सासऱ्यांनी बसवण्याआधी पेन्सिलीने तारीख आणि "चिपळूण" असं लिहून ठेवलं आहे. पुढच्या वेळी ती बरगडी मोडेल तेव्हा कोणाला तरी ते वाचायला मिळेल.